तिसऱ्या पिनेचे मामा

बायकोचे मामा कुणाच्या घरी गेले की आधी पाणी मागत नाहीत. प्लग पॉइंट कुठे आहे विचारतात. आमच्या लग्नात सगळे जेवायला बसले तेव्हा हे हॉलच्या माइकची वायर तपासत होते. चाळीस वर्षं त्यांनी पाण्याचे पंप आणि मिक्सर दुरुस्त केले. दुकान बंद झालं, पण मीटर खिशात राहिला तो राहिलाच. माझ्या मित्रमंडळात मी त्यांचं नाव ‘तिसरी पिन’ ठेवलं होतं, आणि स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांत जास्त मीच हसायचो.

आमचं मंडळ पाच जणांचं. पाचही जणांचे कान अतिशय तयार, असं प्रमाणपत्र आम्ही एकमेकांना दिलेलं. एकाला तर म्हणे वायर उलटी लावली की गायिकेचा घसा बसल्यासारखा ऐकू येतो. अशा संगतीत मी मागे कसा राहणार? मी एक ट्यूबचा अँप्लिफायर मागवला. स्वस्तातलाच, पण काचेच्या चार नळ्या अशा नारिंगी पेटायच्या की बघत राहावं. ट्यूबा तापल्याशिवाय आवाजाला गोडवा येत नाही, म्हणून मी तो अर्धा तास आधीच चालू करून ठेवायचो. नेमकी तेव्हाच बायको ओलं फडकं घेऊन खोली पुसायची. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

एकदा घरी आलेल्या मामांना मात्र वाटलं. “जावईबापू, याला अर्थिंग आहे का?”

“आहे की! तीन पिनांचा प्लग आहे, दिसत नाही का?”

“प्लग दिसतोय हो. ती तिसरी पिन आत कुणाला भेटते का, ते विचारतोय.”

त्यांनी प्लग काढला. मीटरची एक सुई तिसऱ्या पिनेला आणि दुसरी ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाच्या स्क्रूला लावली. जोडणी असेल तर मीटर वाजतो. मीटर गप्प. “लगेच उघडायचा नाही,” ते म्हणाले, “प्लग काढला तरी आत वीज दबा धरून बसलेली असते.” ती व्यवस्थित उतरवून मग त्यांनी खालचा पत्रा काढला, तर हिरवी वायर होती, नटसुद्धा घट्ट होता, पण सगळं जाड काळ्या रंगावर बसवलेलं! रंगातून वीज जात नाही. म्हणजे अर्थिंग नुसतं दाखवायला. मामांनी रंग खरवडून पत्रा लख्ख केला, दातेरी वॉशर घालून नट आवळला, झाकणही तसंच जोडलं. मीटर वाजला तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला, की आम्हा पाच जाणकारांचा गाणं ऐकूनही कधी खुलला नसेल.

दुसऱ्या दिवसापासून स्पीकरमधून ‘हुंऽऽ’ अशी गुणगुण सुरू झाली. मंडळाने एकमताने निकाल दिला: मामांनी आवाजाची वाट लावली. मी गुपचूप प्लग उघडला, हिरवी वायर सोडवली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली. गुणगुण गायब! “अर्थिंग काढल्यापासून आवाज कसा मोकळा झालाय,” असं मी महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटलो.

मग एका रविवारी सकाळी तो मोकळा आवाज ऐकायला मंडळ जमलं. अँप्लिफायर तापत होता, माझं भाषणही तापलं होतं. पाहुणे आले म्हणून बायको घाईघाईने झाकणावर फडकं फिरवत होती. टक् असा आवाज झाला आणि चारही ट्यूबा विझल्या.

“काय केलंस हे?” मी ओरडलो.

मामांना फोन करून आम्हीच बोलावलं. त्यांनी पत्रा काढून आत वाकून पाहिलं. “ट्रान्सफॉर्मरची वायर जळून झाकणाला चिकटलीय. सगळी वीज झाकणात आली, अर्थिंगमधून निघून गेली आणि फ्यूज उडाला. छान झालं.”

“पण अर्थिंग… मी तर काढलं होतं.”

मामांनी बायकोकडे पाहिलं. बायको बोलली. “तू ते काढलंस त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी मामांना बोलावलं. तू ऑफिसला गेला होतास. त्यांनी वायर परत जोडली. गुणगुण टीव्हीपासून अँप्लिफायरला जोडलेल्या एका बिनकामाच्या केबलमुळे होती, ती काढून टाकली.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू इतका खूश होतास. अर्थिंग काढल्यामुळे आवाज मोकळा झाला म्हणून सगळ्यांना सांगत होतास. म्हटलं, राहू दे.”

मंडळातल्या चौघांना एकदम आपापली कामं आठवली. वायरीची दिशा ओळखणारा तर चपला उलट्या घालून गेला. एरवी मामांनी यावर चार टोमणे मारले असते, पण ते मान खाली घालून स्क्रू गोळा करत बसले.

“तू ओरडलास ना,” बायको हळूच म्हणाली, “तेव्हा माझा हात झाकणावरच होता.”

लाज वाटली, आणि भीती तिच्याहून जास्त. फडकं अजून तिच्या हातात होतं, ओलंच. मी ते काढून घेतलं.

मामांनी मीटर माझ्यापुढे धरला. “घ्या जावईबापू, आता घरातली बाकीची यंत्रं तुम्हीच तपासा.” मी मिक्सरपासून सुरुवात केली.