पडदा काढलेला बार

मलकापुरात स्टेशनकडून येणाऱ्या गल्लीत माझ्या भावाचा परमिट रूम होता. काळ्या काचा, आत हिरवा पडदा, दारापाशी विड्यांचा वास. सरकीचे दलाल आणि जिनिंगमधली माणसं मान खाली घालून आत शिरायची आणि तशीच बाहेर पडायची. भाऊ अचानक गेला तेव्हा तेराव्यालाच नातेवाइकांनी ठरवून टाकलं की लायसन विकायचं. वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मी चालवीन."

तिनं आधी पडदा काढला, मग काळ्या काचा. साध्या काचा बसवल्या, भिंतींना पिवळा रंग दिला, जुन्या बाकड्यांवर गाद्या टाकल्या. कॉकटेल करायला ती मोबाइलवर बघून शिकली आणि मग स्वतःचंच काही करू लागली. कैरीच्या पन्ह्यात व्होडका आणि भाजलेलं जिरं, संत्र्याच्या रसात रम आणि चिमूटभर काळं मीठ. चव बघायला मी होतेच. सोबत मुगाचे गरम मंगोडे. दिवेलागणीला गल्लीत त्या खोलीचा उजेड पडायचा, आतून हसण्याचा आवाज यायचा, आणि मला शाळेतून घरी जायच्या ऐवजी तिकडेच वळावंसं वाटायचं. मी शाळेत गणित शिकवते. लग्न मोडून माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली. अशी निवांत बसायला जागा मला या गावात कधी मिळाली नव्हती.

एका रविवारी मी काचेजवळच्या टेबलाशी व्होडका घातलेलं पन्हं घेऊन बसले होते. तेवढ्यात आमचे काका गल्लीतल्या चार जणांना घेऊन आत आले. माझ्या ग्लासाकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि वहिनीला म्हणाले, "सूनबाई, धंदा कर, आम्ही नाही म्हणत नाही. पण पडदा लाव. रस्त्यावरून बाया दिसून राह्यल्या."

वहिनीनं हात पुसले. "तुम्हाले दिसते म्हणून त्रास होते का, मामाजी?"

"हाव."

"मग तुमच्या घराच्या खिडकीले लावून देतो पडदा. कापड माह्याकडून."

कोणी हसलं नाही. काका माझ्याकडे वळले. "अन् तू वं? मास्तरीण ना तू? लेकरं पाहतीन तं काय म्हणतीन?"

मी ग्लास खाली ठेवला नाही. "इतके वर्षं त्यायचे बाप इथं लपून पेत होते, काका. तवा तुम्ही काऊन नाही आले?"

ते निघून गेले. सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "तुम्ही तिथं दिसलात म्हणतात."

"दिसले, सर. सुटीच्या दिवशी. पुन्हाही दिसेन."

त्यांनी मला वर्गावर जायला सांगितलं.

फुकट काहीच झालं नाही. काकांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आम्हा दोघींना आली नाही. जुन्या गिऱ्हाइकांतले कितीतरी फिरकले नाहीत. उजेडात प्यायची त्यांना सवय नव्हती. पावसाळाभर वहिनी रिकाम्या खुर्च्या पुसत बसायची. मी म्हटलं, बंद करायचं का? ती माझ्यावर एवढी चिडली की दोन दिवस बोलली नाही.

मग एक म्हातारे दलाल बायकोला घेऊन आले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवरा संध्याकाळी कुठं बसतो हे बाईंनी पहिल्यांदा पाहिलं. संत्र्याचा ग्लास त्यांनी आधी हुंगला, एक घोट घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हे एवढं चांगलं लागते, अन् तुम्ही मले आतापर्यंत आणलं नाही?"

दलाल खाली बघत मंगोडे खात राहिले. बाईंनी वहिनीला हाक मारून दुसरा ग्लास मागवला.