ह आणि क्ष यांच्या मधे

हिंदीच्या वर्णमालेत मी ळ लिहिला.

लिहिला म्हणजे चक्क फळ्यावर, पहिलीच्या वर्गात, ह आणि क्ष यांच्या मधे. हिंदीत तिथे काहीच नसतं. झाशीतल्या सरकारी प्राथमिक शाळेत मी वर्षानुवर्षं हीच वर्णमाला लिहीत आलोय, आणि झोपेतसुद्धा चुकणार नाही असा माझा तोरा होता. पण आईचं तेरावं आटोपून पुन्हा रुजू झालो त्या सकाळी हात आपल्या आपणच तिकडे वळला. शाळेनं शिकवायच्या आधी आईनं मनगट धरून तिची वर्णमाला माझ्याकडून गिरवून घेतली होती. तिच्यात ह नंतर ळ होता.

फळ्यावर त्याच्याकडे बघत मी उभाच राहिलो. तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर जी, ये कौन है?"

'क्या' नाही, 'कौन'. सरळ सांगायचं, की बाई, चुकलं. पण चूक झाली की विनोद करायचा ही माझी खोड, आणि माझे विनोद कसे असतात ते स्टाफरूमला विचारा.

"भूत है," मी म्हणालो. "बैठने दो, अपने आप चला जाएगा।" आणि डस्टर फिरवलं.

कुणी हसलं नाही. फळा जुना, पुसलेलं नीट पुसलं जात नाही. ळ गेला, पण त्याचे दोन गोल पांढुरके उरले. डोळ्यांसारखे.

"चला गया?" तिनं विचारलं.

"चला गया।"

"कहाँ गया?"

मी हजेरीचं पुस्तक उघडलं.

आमच्या वर्गाचा दिवस ठरलेला असतो. प्रार्थना झाली की वर्णमाला, मी छडीनं एकेक अक्षर दाखवायचं आणि पोरांनी एका सुरात ओरडायचं. मग सुलेख, म्हणजे फळ्यावरची एक ओळ वहीत सुबक उतरवायची. जेवणानंतर एकेकानं माझ्या खुर्चीशी यायचं आणि शब्दाखाली बोट ठेवून पुस्तकातलं अर्धं पान वाचायचं. सुटण्याआधी इमला. मी शब्द बोलायचे, त्यांनी लिहायचे. कंटाळवाणं आहे, पण वाचन असंच येतं. एक दिवस बोट सुटतं आणि पोर स्वतःच्या आवाजानं दचकून वर बघतं. त्या एका दिवसासाठी मी ही नोकरी करतो, हे हेड मॅडमना सांगितलं तर त्या म्हणतील, पगार परत करा मग.

दुसऱ्या दिवशी वर्णमाला सुरू झाली. श, ष, स, ह, आणि आवाज थांबला. सगळ्या वर्गानं श्वास धरला होता. मागे कुणीतरी कुणाचा तरी हात घट्ट पकडला. मग एकदम, सुटका झाल्यासारखं, "क्ष!"

मी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही, कारण त्या थांबलेल्या जागेत मला काहीतरी ऐकू आलं होतं. शब्द नव्हे. जीभ वर वळून टाळूला लागते आणि सुटते, तेवढाच बारीक आवाज. मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाण्याची टाकी होती आणि एक शेळी.

आमचं घर सीपरी बाजारात. माझ्याशी मराठी बोलणारं त्यात एकच माणूस होतं, आई. मुलाला सगळं समजतं, पण तो उत्तर हिंदीत देतो. बायको कानपूरची. आई मला पन्नाशीतही 'बाळ' म्हणायची. ते ऐकून बायकोही लाडात आली की 'बाल' म्हणते, म्हणजे हिंदीत केस, आणि माझ्या डोक्यावर ते औषधालाही नाहीत. हे मी लोकांना हसून सांगतो. हसून सांगत नाही ते असं, की इस्पितळात शेवटच्या दिवसांत आई आणि मी एकमेकांशी हिंदीत बोललो. नर्सला समजावं म्हणून. "माताजी, पानी पिएँगी?" असं मी विचारायचो, आणि "नहीं भैया" असं ती मला म्हणायची. तिनं मला ओळखलं होतं की ती मला वॉर्डबॉय समजली होती, ते आता कोण सांगणार.

तर मी त्या थांबलेल्या जागेची वाट पाहू लागलो. सकाळी प्रार्थनेत माझं लक्ष नसायचं. वर्णमाला जेवणाआधी पुन्हा घेऊ लागलो. ह आला की छडी मुद्दाम सावकाश सरकवायची. पोरं श्वास धरून, मी श्वास धरून, आणि मधे आई. एकदा मी छडी इतकी लांबवली की मागच्या एका पोराला उचकी लागली. हेड मॅडम दारातून म्हणाल्या, "सर, सुबह भी वर्णमाला, दोपहर भी वर्णमाला? वाक्य रिटायरमेंट के बाद पढ़ाएँगे क्या?"

मी हसलो. बदललो नाही.

पोरांनी मात्र ते दोन डोळे शाळाभर नेले. टाकीवर खडूनं, संडासाच्या दारावर कोळशानं. संडासात एकट्यानं जाणं बंद झालं. आणि जिनं 'कौन' विचारलं होतं तिचं वाचन अडलं. वर्गात सगळ्यांच्या पुढे असलेली ती मुलगी. तिचं बोट आता सुटणार असं मला वाटत होतं. आता ती एक शब्द वाचायची आणि थांबायची. पुढचा शब्द नाही, दोन शब्दांमधली कोरी जागा निरखून बघायची. तिथे बोट टेकवायची नाही, उचलून पलीकडे ठेवायची. "यहाँ तो नहीं है?" असं एकदा तिनं मला हळूच विचारलं, आणि मी कोरी जागा तपासल्याचं नाटक केलं.

मग ती येईनाशी झाली.

तिचं घर नगरा नावाच्या वस्तीत. आई रस्त्याकडेला ठेल्यावर कपडे प्रेस करते. मला पाहून तिनं इस्त्री खाली ठेवली नाही.

"काय मास्साब, मोड़ी खों का पढ़ा दओ? किताब देखतई रोन लगत है।"

बुंदेलीत 'मोड़ी' म्हणजे पोरगी, आणि 'काय' म्हणजे 'का हो'. माझ्या कानाला ते दरवेळी मराठीच लागतं आणि दरवेळी मी फसतो. मी म्हटलं, जरा गंमत केली होती.

"गम्मत! अब बबीना पठै दैहैं। उतै मौसी को मोड़ा छोटो है, ओई खों खिलाहै।"

म्हणजे बबीन्याला मावशीकडे, तान्हं पोर सांभाळायला. तिथून कुणी परत पहिलीत येत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मुलगी ठेल्यामागे चादरींच्या गठ्ठ्यात बसून माझ्या चपलांकडे बघत होती.

मी म्हणालो, "भूत नहीं है, बेटा। मैंने झूठ बोला था।"

"तो फिर कौन है?"

खिशात खडू होता. ठेल्याच्या फळीवर मी ळ काढला. तिनं डोळे झाकले, बोटं फटीएवढी उघडी ठेवून. "ये अक्षर है। मेरे घर का।"

"बोलता क्या है?"

आई गेल्यापासून मी तो उच्चारलाच नव्हता. कुणाशी उच्चारणार? "ळ," मी म्हणालो. मग, एकदा तोंड उघडलं म्हणून, पोळी. डोळा. सकाळ. काजळ. बाळ. आवाज माझा होता, पण वळण आईचं. 'बाळ'ला ती शेवटी जरा रेंगाळायची, तसंच्या तसं माझ्या तोंडून आलं आणि मानेवर काटा उभा राहिला. भर उन्हात, इस्त्रीच्या वाफेत, मला थंडी वाजली. मला हाक मारणारी आई, मी होऊन, तिथे उभी होती.

इस्त्री थांबली होती. मुलीनं बोटं बाजूला केली. माझ्या तोंडाकडे ती दात तपासणाऱ्या डॉक्टरसारखी बघत होती. "पोड़ी," ती म्हणाली. "डोरा। बाल।"

तिच्या आईनं विचारलं, "तो भूत गओ कै नईं?"

हो म्हणायचं होतं फक्त. ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं.

"गया," मी म्हणालो, आणि फळीवरचा ळ तळहातानं पुसला.

दुसऱ्या दिवशी ती आली, पुढेच बसली. वर्णमाला सुरू झाली. श, ष, स, ह. मी छडी सावकाश केली. ती थांबली नाही. "क्ष!" ती खणखणीत ओरडली, आणि सगळा वर्ग तिच्यामागून धावत गेला, त्र, ज्ञ. फट मिटली. मी छडी तिथेच धरून उभा. बाहेर शेळी ओरडली, बाकी काही नाही.

दुपारी तिनं अर्धं पान वाचलं, शब्दांवरून, कोऱ्या जागांवरून. शेवटच्या ओळीला बोट सुटलं होतं. तिला कळलंच नाही. आणि मी काय करावं? मी विचारलं, "सुबह वर्णमाला में, ह के बाद, बीच में कुछ छूटा तो नहीं?"

तिनं पुस्तक मिटलं. माझी कीव आल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, "कुछ नहीं छूटा, सर जी। भूत-वूत कुछ था ही नहीं। आपको ल बोलना नहीं आता।"