देवीसमोर सोडलेला उपास

माझी मुलगी उपाशी मरत होती आणि मी त्याला भक्ती समजत होते. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. आता ती बरी आहे, म्हणून लिहिण्याचा धीर होतो आहे.

मी वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाची. घरी शेती आहे, सोयाबीन आणि तूर घेतो, आणि मी गावात अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला गावातल्या लेकरांची वजनं घ्यायची, दंडाचा घेर मोजायचा, कुणाचं कमी भरलं तर त्याच्या आईला समजावून सांगायचं, हे माझं काम. ज्या बाईनं दुसऱ्यांच्या लेकरांचे दंड मोजले, तिला स्वतःच्या लेकीचा दंड दिसला नाही. याचं उत्तर मी देवीला खूप वेळा मागितलं आहे.

माझी ऋतू दहावीनंतर मालेगावच्या कॉलेजला एसटीनं जायला लागली. हसरी, खाण्याची आवड असलेली पोरगी. त्या वर्षी तिच्या आतेबहिणीच्या लग्नाचे फोटो आले, आणि त्यांत ऋतू फुगलेली दिसते असं कुणीतरी म्हणालं, एवढं मला आठवतं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की अशा आजाराला एकच कारण कधी नसतं, तेव्हा त्या बोलणाऱ्याला मी दोष देत नाही. आधी तिचं संध्याकाळचं जेवण सुटलं. मग ती माझ्यासोबत सोमवार धरायला लागली. मी बावीस वर्षांपासून सोमवार आणि एकादशी करत होते, त्यामुळे मला आनंदच झाला. मग गुरुवार आला, मग शनिवार. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, आजकालच्या पोरींत अशी श्रद्धा कुठं असते. मी मान डोलवायचे. माझ्या चेहऱ्यावरचा तो अभिमान तिनं नक्की पाहिला असणार.

उपासाचंही ती खात नव्हती. साबुदाणा तेलकट लागतो म्हणायची, भगर नको म्हणायची. एक केळं अर्धं करून दिवसभर पुरवायची. आमच्यासाठी मात्र पुरणपोळ्या लाटायची, आग्रह करकरून वाढायची आणि समोर बसून आम्ही खातो ते बघायची. शेतात दोन-दोन चकरा मारायची. उन्हाळ्यात स्वेटर घालायला लागली. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके दिसू लागले. पाळी थांबली, ते तिनं मला पाच महिने सांगितलं नाही. एकदा गाईच्या गव्हाणीत मला पोळीचे तुकडे दिसले, नीट चुरून कडब्याखाली सारलेले. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

मग आमची धावाधाव सुरू झाली. एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. जाऊबाई म्हणाल्या, बाहेरचं असेल, म्हणून अंगारा आणला. तिचे बाबा एरवी शांत माणूस, पण ते तिच्यावर ओरडले, आणि ती खोलीचं दार लावून बसली. मी देवघरासमोर बसायचे, पण हात जोडले तरी मनात शब्द येत नव्हते. देवी ऐकते का, हा प्रश्न मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पडला.

मालेगावच्या अलीकडे टेकडीवर आमची देवी आहे. नवरात्रानंतरच्या मंगळवारी तिथं भंडारा असतो. मी ठरवलं, नऊ मंगळवार निर्जळी धरण्याचा नवस बोलायचा. ऋतू लगेच यायला तयार झाली. तिला पायऱ्या चढून वजन आणखी उतरवायचं होतं, हे मला आज कळतं.

वरच्या सात-आठ पायऱ्या उरल्या असताना ती कोसळली. तोंडातून आवाजही निघाला नाही. बाया गोळा झाल्या. कुणीतरी म्हणालं, देवी आली अंगात. दुसरीनं तिच्या कपाळाला मळवट भरला, तिसरी तिच्या पायाला हात लावून पाया पडली. आणि मी काय केलं, तर मीही हात जोडले. क्षणभरच, पण जोडले. मला वाटलं, इतके दिवस मी मागत होते, आज ती आली.

मंडपात भंडाऱ्यासाठी कोहळं चिरत बसलेली एक बाई विळी आडवी करून उठली. साठीच्या पुढची, सुती लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ. तिनं गर्दी बाजूला केली, ऋतूची नाडी धरली आणि घड्याळाकडं बघत राहिली. नखं पाहिली. मग स्वेटरची बाही वर केली. तो हात मी बऱ्याच महिन्यांत उघडा पाहिला नव्हता. काडीसारखा झालेला, वर बारीक मऊ लव आलेली.

"देवी नाही हे," ती शांतपणे म्हणाली. "पोरगी उपाशी हाये. कवापासून खाल्लं नाही इनं?"

ऋतूनं डोळे उघडले होते. घाईघाईनं मी प्रसादाच्या द्रोणातला शिरा तिच्या तोंडात कोंबायला लागले, तर त्या बाईनं माझा हात धरला. म्हणाली, इतक्या दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर तेच जिवावर बेततं, डॉक्टरच्या नजरेखाली हळूहळू द्यावं लागतं. मग मला जरा बाजूला घेऊन बोलली. "हा उपास नाही ताई. ही बिमारी हाये. पोरीले भूक नाही असं नाही, तिले खायाचं भेव वाटून राह्यलं. आता घरी नेऊ नका, सरळ मोठ्या दवाखान्यात चला. मी येतो संग."

नवस बोलायचा राहिला. आम्ही देवीचं दर्शनही न घेता उतरलो.

ऑटोत कळलं की त्या आसेगावच्या सुशीलाबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मालेगावला भाचीकडं आल्या होत्या, तर भाचीच्या घराला कुलूप. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून देवीला चाललेल्या बायांसोबत सहज आल्या आणि रिकामं काय बसायचं म्हणून भाजी चिरायला बसल्या. मला इथं यायचंच नव्हतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. ऋतूचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि त्या बाईनं तिचं मनगट वाशीमपर्यंत सोडलं नाही.

वाशीमला हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातले क्षार फार खाली गेलेत, नाडी फार मंद आहे, अजून काही दिवस गेले असते तर हृदयानं दगा दिला असता. तिथून आम्हाला अकोल्याला पाठवलं. तिथं ऋतू बरेच दिवस भरती होती, आणि तिथंच आजाराचं नाव कळलं, ॲनोरेक्सिया. मनाच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं की हा हट्ट नाही, नखरा नाही, बाहेरचं तर नाहीच. आजार तिच्या कानात सतत बोलतो की तू जाडी आहेस, खाल्लंस तर तू वाईट. तिच्यावर रागावू नका, आजारावर रागवा. अन्न हेच औषध. ठरलेल्या वेळी जेवण, मधे थोडं थोडं खाणं, दर वेळी घरातलं कुणीतरी शेजारी, आणि वजनाची, दिसण्याची चर्चा बंद. शेवटी त्या म्हणाल्या, घरात सध्या कुणीच उपास धरू नये.

मी सुन्न झाले. सासू गेली त्या आठवड्यातही माझा सोमवार चुकला नव्हता. आता तो सोडला आणि देवी कोपली, लेकीलाच काही झालं तर, ही भीती मी डॉक्टरांना सांगू शकले नाही. मी सुशीलाबाईंना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "देवीच्या मनात काय हाये ते मी कशी सांगू? पन तुमचंच ताट रिकामं राह्यलं, तं पोरीनं कोनाकडं पाहून जेवावं?"

सोमवारी सकाळी मी ऋतूच्या खाटेशेजारी ताट घेऊन बसले. भाजी-पोळीचा घास तोंडापर्यंत नेला. मनात एवढंच म्हटलं, आई, चुकत असेल तर शिक्षा मला दे. घास गिळला. ऋतू बघत होती.

"आई, तू सोमवारी जेवून राह्यली?"

"हो. तुह्यासंग."

ती किती तरी वेळ रडली. मग पोळीचा एक तुकडा तिनं उचलला, आणि तो खायला तिला अर्धा तास लागला. मी उठले नाही. आज मागे बघते तर माझ्या सगळ्या उपासांपेक्षा तो अर्धा तास मला देवीच्या जवळचा वाटतो.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. घरी आल्यावर तिनं दूध मोरीत ओतलं, ताट फेकलं, मला वैरीण म्हणाली. मग संध्याकाळी कुशीत येऊन म्हणायची, ते बिमारी बोलते माह्या तोंडातून, मी नाही. तिचे बाबा शेतातलं काम टाकून दुपारच्या जेवणाला घरी यायचे आणि तिच्यासमोर बसून म्हशीच्या, पाण्याच्या मोटारीच्या, कशाच्याही गप्पा मारायचे. ज्या माणसाला बोलायला आवडत नाही, तो लेकीचा घास उतरावा म्हणून तास तास बोलायला शिकला. दर काही आठवड्यांनी अकोला चालूच होतं. एकदा वजन पुन्हा घसरलं आणि परत भरती करावं लागलं. नऊ महिन्यांनी तिची पाळी आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच रडले.

ऋतू जरा सावरल्यावर मी नारळ-लुगडं घेऊन आसेगावला गेले. सुशीलाबाईंनी आधी जेवायला वाढलं. मग सांगितलं की त्यांना एक धाकटी बहीण होती. अशीच जेवेनाशी झाली. घरच्यांनी तिला देवऋषींच्या दारोदार फिरवलं, झाडपाला केला, आणि ती गेली. तिला काय झालं होतं ते यांना नोकरी लागल्यावर कित्येक वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं. "तुमच्या पोरीचा हात धरला," त्या म्हणाल्या, "तं मले माह्या बहिनीचाच हात वाटला." मी त्यांच्या पाया पडू लागले तर त्यांनी पडू दिलं नाही.

बंद दार, रिकामा वेळ आणि एका बहिणीचं जुनं दुःख, एवढ्यांतून ती मदत माझ्या लेकीपर्यंत पोचली. याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. मला एकच दिसतं, की मी देवीला काही तरी देऊन सौदा करायला निघाले होते, आणि तिनं माझ्याकडून काहीच घेतलं नाही. फक्त लेकीजवळ बस म्हणाली. शरण जाणं म्हणजे काहीतरी सोसून दाखवणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, पुढचं दिसत नसताना आजचं सांगितलेलं काम करत राहणं, तेही शरण जाणंच असावं. माझा सोमवार अजून सुटलेलाच आहे. देवी कोपलेली नाही.

ऋतू यंदा वाशीमला बीएस्सीला आहे, होस्टेलवर राहते. डॉक्टरांकडं जाणं चालू आहे आणि वाईट दिवस अजूनही येतात, पण तसं ती स्वतःहून सांगते. परवा दुपारी तिचा फोन आला. आवाज चिडलेला होता. मी घाबरून विचारलं, काय झालं बाई.

"मेसमधलं वरन निस्तं पानी असते," ती म्हणाली. "अन् पोया बी दोनच देते. पोट भरत नाही, आई."

मी फोन तसाच कानाला धरून अंगणात उभी राहिले. ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली. तिचे बाबा बैल सोडत होते. मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी बैल परत खुंट्याला बांधले, हात धुतले आणि विचारलं, वाशीमची गाडी किती वाजता आहे. मी भाकरीचं पीठ काढायला आत गेले.