बाबांची मान

लूमवरची माणसं कानाने नाही, मानेने ऐकतात, असं मी चेष्टेने म्हणायचे. भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात बाबांची बावीस वर्षं त्या खडखडाटात गेली होती. मुकादम ओरडला की हो म्हणून मान हलवायची, शेजारच्या लूमवाल्याने काही विचारलं की मान हलवायची. काय म्हणाला ते मागाहून बघता येतं. घरीही तेच. 'भात वाढू?' मान. 'नको ना?' तरी मान. आम्ही पोट धरून हसायचो.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. कारखान्यातून कापडाचे ताके चोरीला गेले आणि शेवटची शिफ्ट बाबांची होती. ऐन जेवणाच्या वेळी हवालदार दारात आला. 'चला काका, साहेबांना दोन गोष्टी विचारायच्यात.' तो इतका गोड बोलला की मी ताटावरून उठले.

मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते. चार पुस्तकं वाचून शिंगं फुटलेली. बाबांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडून बजावलं, 'काही बोलायचं नाही. गप्प राहणं हा तुझा हक्क आहे.'

'मी न्हाय नेलं, मंग बोलायला काय हरकत हाय?'

'अगो, ऐकू येत न्हाय तेवढं तरी सांगू दे त्यांना,' आई म्हणाली.

मी तिच्यावर खेकसले. एक शब्दही नाही म्हणजे नाही. बाबांनी ताटातच हात धुतला आणि चपला घातल्या.

पोलीस ठाण्यात मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार अर्धं उघडं होतं. आत पंखा करकरत होता आणि साहेब टेबलाकडे बघत, आवाज न चढवता विचारत होता. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले. मला अभिमान वाटला, खरंच वाटला. मग त्यांची मान हलली. नाव विचारलं असेल, मी स्वतःला समजावलं. पुन्हा हलली. शिपाई खाली मान घालून लिहीत होता. तिसऱ्यांदा हलली तेव्हा मी बाकावरून उठले.

मी दाराशी धावले. 'त्यांना ऐकू येत नाही!'

साहेबाने पहिल्यांदाच वर पाहिलं. 'मग तसं सांगायचं होतं. सगळ्याला हो म्हणालाय. ताके कुठे ठेवलेत, तेवढंच सांगत नाही.'

बाबांना त्यांनी सोडलं नाही. संध्याकाळी मला गजांपाशी पाच मिनिटं उभं राहू दिलं. पहारेकरी जवळच होता, मोठ्याने बोलायचं नाही म्हणाला. मला तर एकच गोष्ट विचारायची होती.

'बाबा, माझ्यावर रागावलास?'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.