आत्तीच्या कोपरावरचा हात

आमच्या घरात भूत हा शब्द बंद होता. शिवी एखादी चालून जायची, भूत चालायचं नाही. आप्पा निपाणीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि दिवसाचं काम संपलं की मालकाला सांगून आपली पत्रकं छापायचे. भानामती, अंगात येणं, वखारीतल्या बायकांचे कामाचे तास, सगळं एकाच मापाच्या पिवळ्या कागदावर. मी बाराखडी गिरवली ती या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळं पुढं जे सांगणार आहे ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. आप्पा हे वाचतील. वाचू देत.

कॅमेरा आला तेव्हा मी आठवीत होते. बेळगावच्या कॅम्पात एका फौजी कुटुंबाची बदली झाली, त्यांनी सामान विकायला काढलं आणि आप्पा तिथून डिजिटल कॅमेरा घेऊन आले. रोल नाही, धुणं नाही, पोटात सोळा फोटो मावायचे. चार पेन्सिल सेल लागायचे आणि मागचा इवलासा पडदा चालू ठेवला की ते तासाभरात मरायचे. म्हणून पडदा बंद, फ्लॅशही बंद. आप्पांना तो एकाच कामासाठी हवा होता. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसणाऱ्या बायकांचं पत्रक काढायचं होतं, आणि त्यात नुसते शब्द नकोत, माणसं दिसायला हवीत, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

आमची आत्तीही त्याच वखारीत होती. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडंच राहिली. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले होते. ती ओठ बघून बोलणं ओळखायची, आणि बघायचं नसेल तेव्हा मान फिरवायची. मग तिच्याशी कुणाचं काही चालायचं नाही. आई आणि आत्ती वखारीला बरोबर जायच्या, बरोबर यायच्या. आई तिला वन्सं म्हणायची. रस्त्यानं चालताना आईचा हात कायम आत्तीच्या कोपराजवळ असायचा, मागून गाडी आली तर सांगायला.

पहिले फोटो विहारात काढले. रविवार होता, दुपार कलली होती, खिडकीतून उजेड यायचा तेवढाच. पंधरा-सोळा बायका ओळीनं उभ्या राहिल्या. आप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, आतून टुक असा आवाज आला आणि आप्पा म्हणाले, "झालं."

गावातल्या सगळ्या फोटोवाल्यांची ही रीत होती. झालं म्हटलं की श्वास सोडायचा, पदर सारखा करायचा आणि निघायचं. बायका हलल्या. तसे चार फोटो काढले, चार वेळा झालं म्हटलं.

बेळगावहून फोटो छापून आले आणि विहारात हातोहात फिरले. कुणीही ओळखू येत नव्हतं. लुगड्याचे रंग ओढल्यासारखे एकमेकांत गेलेले, तोंडांच्या जागी पांढरट फराटे, एकीला तर डोकंच नव्हतं. मधोमध आत्ती उभी. पदराची किनार, कपाळावरचं गोंदण, चपलेचा तुटका अंगठा, सगळं लखलखीत. चारही फोटोंत तसंच.

"हात हालला असंल," आप्पा म्हणाले.

"आण्णा, तुमचा हात हालला तर आक्का कशी नीट आली?" आमच्या शेजारची मावशी म्हणाली. ती वखारीत आत्तीच्या समोर बसायची आणि तिला आक्का म्हणायची.

"आक्कानं कॅमेऱ्याला डोळा मारला असंल."

"मारू दे की. आमी समद्या भुतं आन् ही तेवढी माणूस."

सगळ्या हसल्या. आत्तीनं ओठ वाचले असावेत. ती म्हणाली, "मग भुतांनो, उद्या मापं तुमीच भरा, मी मालकिणीवाणी बसतो." आत्ती स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची, इकडं बऱ्याच बायका बोलतात. आप्पा तेवढे हसले नाहीत. कुणीतरी तो शब्द उच्चारला होता.

कारण मी शोधलं. अंगणात कोंबडी दिसली की बटण दाबायचं आणि मग क्षणभर पडदा लावून बघायचं. प्रत्येक वेळी पडद्यावर रिकामं अंगण. कोंबडी कुठंच नाही, कधी नुसतं शेपटीचं पीस कडेला. मग मी दारातला झुलता कंदील घेतला, मनात आकडे मोजले, आणि कळलं. टुक हा आवाज फोटोचा नव्हताच. तो कॅमेरा नुसता जागा झाल्याचा आवाज होता. खरा फोटो त्यानंतर, दोन आकडे मोजून व्हायचा. म्हणजे आप्पांनी झालं म्हटल्यावर. आमचा कॅमेरा माणसांचे फोटो काढत नव्हता, माणसं निघून जातानाचे काढत होता. आत्तीला झालं ऐकू येत नव्हतं, म्हणून ती उभी असायची. बस्स, इतकंच.

आप्पांना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. "बघ, प्रत्येक गोष्टीला कारण असतं," ते म्हणाले. पण जिभेची सवय कारणानं जात नाही. टुक झालं की त्यांच्या तोंडून झालं निघायचंच.

त्या हिवाळ्यात आत्तीचा खोकला वाढला. वखारीत खकाणा उडतो, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ. ती नाकात, डोळ्यांत, भाकरीत जाते. आत्तीनं तीस वर्षं ती गिळली होती. चिकोडीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि आप्पांना बाहेर बोलावलं. उन्हाळा लागायच्या आत आत्ती गेली.

पुण्यानुमोदनाला तसबीर हवी होती. आत्तीचा दुसरा कुठलाच फोटो नव्हता. आप्पांनी त्या चारांतला एक बेळगावला नेला, तिथल्या माणसानं आजूबाजूचे फराटे कापून एकटी आत्ती मोठी करून दिली. तसबीर घरी आली, आम्ही भिंतीला टेकवून ठेवली, आणि तेव्हा दिसलं. आत्तीच्या डाव्या कोपरावर एक हात होता. धुरकट, बोटं एकमेकांत मिसळलेली, मनगटाच्या जरा वर तुटलेला. बाकी सगळं कापता आलं, पण तो कोपराला चिकटलेला होता. तो कापला असता तर आत्तीचा हातही गेला असता, असं तो माणूस म्हणाला म्हणे.

लोक फुलं वाहायला वाकायचे आणि वाकलेलेच राहायचे.

"ह्यो कुणाचा हात गं?"

"माझा हाय," आई म्हणाली. "मी शेजारी हुबी हुते."

"तुझा? मग बांगड्या कुटं हाईत?"

आईनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. हातभर हिरव्या बांगड्या होत्या. फोटोतल्या हातावर काहीच नव्हतं. हललेल्या हातावर बांगड्या उमटत नाहीत, हे मी सांगू शकले असते. मी आठवीतली मुलगी, कुणी ऐकलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला त्या तसबिरीकडं पाठ करून बसता येत नव्हतं.

चार दिवसांत गल्लीनं हिशोब जुळवला. कॅमेऱ्यात सगळ्या पुसट आल्या, त्या जित्या आहेत. एकटी लखलखीत आली, ती गेली. न्यायला आलेला हातसुद्धा कॅमेऱ्यात सापडला. आता ज्या बाईचा फोटो नीट येईल तिनं समजून घ्यावं.

मला अजूनही याचा राग येतो, आणि तो गल्लीवर नाही. आत्तीला खकाण्यानं मारलं. ते वखारीच्या पत्र्याखाली रोज दिसत होतं, पण ते म्हटलं की वखारीशी भांडावं लागतं. कॅमेऱ्याशी भांडावं लागत नाही. वखारीच्या मुकादमानं स्वतः बायकांना सांगितलं, "त्या डबड्यापुढं हुबं ऱ्हाऊ नका बायांनो, आक्काचं काय झालं बघितलं न्हवं?" त्याला बायकांची एवढी काळजी त्याआधी कधी वाटली नव्हती. बायकांनी फोटोला नकार दिला. आप्पांचं पत्रक जुळवून तयार होतं, मधोमध फोटोची चौकट सोडलेली, खाली ओळ, 'वखारीत काम करणाऱ्या आमच्या भगिनी'. बाजाराच्या दिवशी ते वाटायचं ठरलं होतं.

आई घरोघर फिरली. ती काय बोलली मला माहीत नाही, पण बाजाराच्या आदल्या दिवशी सहा बायका विहारात आल्या. शेजारची मावशीही होती.

"आमी मेलो तर रडायला कोण ऱ्हाईल गं?" ती आईला म्हणाली.

"मुकादमाला बशीवतो की," आई म्हणाली.

जरा हसू फुटलं. मी पुढं झाले आणि सगळ्यांना सांगितलं की आप्पांनी झालं म्हटलं तरी हलायचं नाही, मनात दहा मोजायचे. आप्पांनाही बजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या ओळीत उभ्या राहिल्या आणि मी बघितलं की आईच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी राहिली. कुणी मुद्दाम सोडली नव्हती.

टुक आवाज आला. आप्पा म्हणाले, "झालं," आणि लगेच जीभ चावली. पण ओळ मोडली होती. भीतीनं पाय आधीच उचललेले होते.

"बंद कर गं तो," असं म्हणत आप्पांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि ते बायकांची समजूत काढायला गेले. मी बंद करण्याआधी पडदा लावला. बोटाएवढ्या पडद्यावर सहा फराटे होते. आणि आई. सरळ समोर बघणारी, कुंकवाच्या ठिपक्यासकट लखलखीत आई. फक्त तिचा डावा हात धुरकट होता. तो बाजूला, रिकाम्या जागेत गेला होता आणि तिथं हवेत कशावर तरी टेकला होता.

मला कारण माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नसेल इतकं नीट माहीत होतं. हलू नका म्हणून मीच सांगितलं होतं, आणि माझं ऐकणारी ती एकटीच होती. हे सगळं माझ्या डोक्यात त्याच क्षणी होतं. तरी माझ्या बोटानं कचराटोपलीचं चित्र शोधलं. कॅमेऱ्यानं विचारलं, पुसू का. मी हो म्हटलं.

आप्पांनी नंतर बघितलं तर फोटो नाही. सेल गेले असतील, असं ते म्हणाले. शेजारची मावशी बाहेर पडताना हळूच बोलली, "कसा यील? त्याचं पोट भरलंय." त्यानंतर कुणीच उभं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पत्रक तसंच वाटलं, मधली चौकट कोरी ठेवून. पान पुन्हा जुळवायला वेळ नव्हता. बाजारात लोक ती कोरी चौकट बघायचे, खालची ओळ वाचायचे आणि परत चौकट बघायचे. मुकादमानं ते पत्रक वखारीच्या दारावर डकवलं. "बघा, तुमचाच फोटो हाय," म्हणायचा. हे मी केलं होतं. दोन वर्षं मी आईचा खोकला मोजत झोपले आणि सकाळी आप्पांची पत्रकं वाटत फिरले.

आई गेली नाही. ती आता साठीच्या पुढं आहे आणि तिला कमी ऐकू येतं. गेल्या महिन्यात मी विहारात वखारीच्या बायकांचा फोटो काढत होते. पत्रकं आता मी काढते. पत्रा तोच आहे, खकाणाही तोच. आई कामाला जात नाही, पण मीटिंगला येते. ती ओळीच्या टोकाला उभी राहिली. फोटो काढायच्या आधी, का कोण जाणे, मी तिच्याजवळ गेले आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, त्या पुसलेल्या फोटोचं सांगितलं.

तिनं दोनदा विचारून ऐकून घेतलं. रागावली नाही.

"तू हलू नका म्हणालीस, मी न्हाय हलले," ती म्हणाली. "हात गेला आपसूक. वन्संना ऐकू कुटं यायचं? दर बारीला मलाच सांगाय लागायचं, झालं म्हणून."

मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्या बारीला सांगायचं ऱ्हायलंच की. म्हंजे त्या अजून हुब्याच असतील."

कुणी हसलं नाही. मी मागं सरकले, मोबाईल धरला आणि फोटो काढला. आता टुक नाही, थांबणं नाही, कुणी हललं तरी फराटा उमटत नाही. झालं, असं मी म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

मोबाईलच्या पडद्यावर सगळ्या नीट आल्या होत्या, अकराच्या अकरा. टोकाला आई. तिच्या डाव्या अंगाला कुणी नाही. डावा हात बाजूला उचललेला, या वेळी बांगड्यांसकट स्पष्ट, आणि बोटं वाकलेली, एखाद्याचं कोपर धरल्यावर वाकतात तशी.

पुसायचं बटण अंगठ्याखालीच होतं. मी फोटो छापखान्याला पाठवला. पत्रकाच्या मधल्या चौकटीत तो तसाच छापला आहे, काही न कापता.