वाटीतलं तोंड

वाशीमजवळच्या मालेगावात मंगळसूत्रं ओवून विकणारी एक बाई होती. भाचीच्या लग्नासाठी मंगळसूत्र बघायला मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती उंबऱ्याशी बसून मोबाइलवर फोटो काढत होती. ऊन थेट पडू नये म्हणून दाराला पांढरं धोतर बांधलं होतं. मंगळसूत्र तिनं तांब्याच्या गडव्याच्या गळ्यात घातलं होतं. स्वतः मात्र ती एका पांढऱ्या पुठ्ठ्याआड लपली होती. पुठ्ठ्याला मोबाइलच्या डोळ्याएवढंच भोक.

"हा पुठ्ठा कायले?" मी विचारलं.

"वाट्या आरशावानी असतात, ताई. समोरचं समदं त्यात दिसते." पदरानं वाटी पुसून तिनं फुंकर घातली. मग आपल्या मोकळ्या गळ्याला हात लावून ती सहज म्हणाली, "मले नवरा नाही. माहं तोंड वाटीत दिसलं त कोन घेईन?"



फोटो सुरेख आला. पुण्याच्या भाचीनं तो पाहताच मंगळसूत्र पसंत केलं. मी मात्र बसमध्ये तो फोटो मोठा करकरून दोन्ही वाट्यांत तिचं तोंड शोधत होते. नुसता पांढरा पुठ्ठा दिसत होता.