चिपवरचा आळ

डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर अडला की मोठमोठे डॉक्टरही जिच्यापुढे हात जोडत, ती वायरमावशी. हात सोन्याचे, जीभ मिरचीची! आता तिची सूनही तिथंच लागली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर.

पेशंटच्या डोळ्यांचे फोटो ज्या चार डिस्कवर साठतात, त्यांना हाकणारी जुनी कंट्रोलर चिप बदलायचं सुनेनंच सुचवलं. नवी चिप बसली, पण वेग निम्म्यावरच अडला. दवाखान्याच्या साहेबांनी सुनेला ठणकावलं, "कारण आज पाच वाजेपर्यंत शोधलंस तर कायम, नाहीतर नारळ."

सुनेनं केबल बदलल्या, पंखा बदलला. चिप सहा गिगाबिटच्या वेगाची, तरी पडद्यावर प्रत्येक डिस्कपुढे तीनच. "आई, डिस्क बाहेर काढून बघू का?" तिनं विचारलं.

"माझ्या डिस्कना हात लावायचा नाही!" मावशी कडाडली. वर कँटीनमध्ये चारचौघांत म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." 'चिपची निवड चुकली' असा अहवाल लिहून सहीही ठोकली.

दुपारी सून जेवायला गेल्यावर, तिचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून, मावशीनं स्वतःच एक डिस्क ओढून काढली. मागच्या पिनांवर डाळीच्या दाण्याएवढी काळी टोपी. जंपर! अकरा वर्षांपूर्वी जुनी चिप या वेगवान डिस्क ओळखेना, म्हणून तिनंच चारही डिस्कना जंपर लावून त्यांचा वेग बांधला होता. आणि साफ विसरली होती!

खोलीत कुणी नव्हतं. चारही टोप्या गुपचूप खिशात घातल्या असत्या, तर सासूनं निभावलं म्हणून वाहवा झाली असती आणि सुनेला नारळ मिळाला असता. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोला? मग मावशीला स्वतःचीच लाज वाटली. तिनं अहवाल टराटरा फाडला आणि साहेबांना नि सुनेला बोलावलं.

त्यांच्यादेखत टोप्या काढून डिस्क परत बसवल्या. मशीन सुरू झालं. सहा, सहा, सहा, सहा!

"वा मावशी! शेवटी तुम्हीच शोधलंत," साहेब म्हणाले. सुनेनं मान खाली घातली.

"मी कसली शोधतेय? हे जंपर माझेच," मावशी म्हणाली. "ही सकाळपासून डिस्क काढून बघू म्हणतेय, मीच आडवी आले. तिचा कायमचा कागद काढा, साहेब."

सुनेचे डोळे भरून आले. साहेबांनी खिशातून पेन काढलं.